हरभऱ्याची राखण

शिरूर कासारच्या शिवारात हरभरा घाट्यावर आला, की दव असतानाच रानात शिरावं. पायांना आंब लागते. कुठं ओरखडा असेल तर चांगलीच झोंबते. पानांवरच्या बारीक लवेतून पाझरणारं हे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. जुनी माणसं पहाटे धुतलेलं फडकं पिकावरून ओढायची, ते पिळायची आणि ती आंब पोटदुखीसाठी बाटलीत भरून ठेवायची. झाडाला मात्र ही आंब अळी दूर ठेवायला लागते.

ही झाली पानावरची राखण. दाण्यातली वेगळी.

घाट्याला गोल भोक दिसलं की तो घाटा निरखून पाहा. अळीचं डोकं दाण्यात खुपसलेलं, मागचं अर्धं अंग बाहेर, देठाशी ओली विष्ठा. बोट लावलं की ती वेटोळं करते. कापूस, तूर, हरभरा असं वर्षभर आपलंच खाऊन जगणारी ही घाटेअळी.

ती खाते त्या दाण्यात ट्रिप्सिनरोधक प्रथिनं असतात. ट्रिप्सिन म्हणजे आतड्यात अन्नातली प्रथिनं तोडणारं विकर. कुलपात काडी मोडावी तसं हे रोधक विकरात अडकून बसतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. आपण डाळ शिजवून खातो म्हणून आपल्याला त्याचा फारसा त्रास नाही.

अशा रोधकाचं जनुक मुळापासून शेंड्यापर्यंत प्रत्येक पेशीत असतं, मग प्रथिन दाण्यातच का साठतं? याचा उलगडा सोयाबीनवर झाला. 1989 मध्ये जोफुकू आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी सोयाबीनमधल्या कुनिट्झ नावाच्या ट्रिप्सिनरोधकाचं जनुककुटुंब तपासलं. त्यातलं मुख्य जनुक गर्भ भरताना जोरात चालतं, पानात जवळपास गप्प असतं. कुठं चालायचं हे जनुकाच्या अलीकडचा डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रवर्तक, ठरवतो. ही जनुकं तंबाखूत घातली तरी त्यांची शिस्त मोडली नाही.

एवढा बंदोबस्त असून घाटा पोखरला जातोच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशोक गिरी, विद्या गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं, की घाटेअळीच्या आतड्यातली विकरं हरभऱ्याचे रोधकच पचवून टाकतात. पिढ्यान्‌पिढ्या हरभरा खाणाऱ्या अळीला त्याचं हत्यार पाठ झालंय. पुढच्याच वर्षी तिथल्याच गटाने भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा यांचे रोधक तपासले. ही पिकं तिच्या रोजच्या खाण्यातली नाहीत. त्यांच्यापुढे अळीची वाढ खुंटली. मला यातली खरी गोष्ट ही वाटते: घरच्या राखणदाराला सरावलेला चोर परक्यापुढे अडखळतो.

पण असे परके रोधक घातलेलं हरभऱ्याचं बियाणं भारतात विक्रीला नाही. तोवर फुलोऱ्यापासून एकरी दोन कामगंध सापळे लावा, पक्ष्यांना बसायला काठ्या रोवा आणि मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या की फवारणीला उशीर करू नका.