जळलेल्या कोळशाचे पुन्हा इंधन होईल का?

वणीच्या खाणींतला कोळसा आणि मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यातली चुनखडी, दोन्हींतून शेवटी एकच वायू निघतो. १२ किलो कार्बन पूर्ण जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तरी तेवढाच. या वायूचे पुन्हा इंधन करता येईल का, हा प्रश्न म्हणूनच आमच्या यवतमाळ जिल्ह्यात निव्वळ पुस्तकी राहत नाही.

अडचण रेणूच्या स्वभावात आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू काठीसारखा सरळ आणि अतिशय स्थिर असतो. त्याला एकटा इलेक्ट्रॉन द्यायचा तर ती काठी वाकवावी लागते. त्यासाठी पाण्यात सुमारे उणे १.९ व्होल्टपर्यंत जावे लागते. दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळून दिले, तर सुमारे उणे ०.५ व्होल्टलाच कार्बन मोनॉक्साइड मिळू शकतो. तो स्वतः जळतो आणि हायड्रोजनच्या जोडीने त्याचे मिथेनॉलही करता येते.

हे देणेघेणे जुळवणारा मध्यस्थ म्हणजे धातुसंकुल. मधोमध धातूचा अणू आणि भोवती त्याला धरून ठेवणारे रेणू. रक्तातल्या हीममध्ये लोह आणि कपाशीच्या पानातल्या हरितद्रव्यात मॅग्नेशियम असेच वलयात बसलेले असते.

१९८०च्या दशकात फ्रान्समध्ये ज्याँ-मारी लेन यांच्या गटाने ऱ्हेनियमचे संकुल या कामी वापरले. पण ऱ्हेनियम फार दुर्मीळ. २०१२मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी लोहाच्या पॉर्फिरिन वलयावर, लोहाच्या जवळच, हायड्रॉक्सिल गट बसवले. प्रोटॉन हाताशी मिळू लागले आणि अभिक्रियेचा वेग कितीतरी वाढला. धातू तोच, फक्त शेजार बदलला. उत्प्रेरकाची रचना करणे म्हणतात ते हेच. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतही कार्बन पकडून वापरात आणण्यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे.

मात्र एक हिशेब विसरू नये. उत्प्रेरक घाटातली सोपी वाट दाखवतो; वरच्या गावाची उंची कमी करत नाही. तयार होणारे इंधन जळताना जितकी ऊर्जा देईल, निदान तितकी आधी घातल्याशिवाय ते होत नाही. ती कोळशाच्याच विजेतून घातली, तर व्यवहार आतबट्ट्याचा. सूर्याकडून घेतली, तरच त्याला अर्थ आहे. शिवाय ही संकुले काम करता करता मोडतात. प्रयोगशाळेतले तास कारखान्यातल्या वर्षांना पुरत नाहीत.

म्हणून कोळसा खुशाल जाळा, पुढचे विज्ञान निस्तरेल, असे कुणी सांगू लागले, तर त्याला एवढेच विचारावे : त्यासाठी लागणारी वीज कुठून आणणार?