गप्पांतली गोष्ट कागदावर

वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या गावात गोष्टींना कधी तोटा नसतो. सोयाबीन निंदताना, हळदीकुंकवाला, दवाखान्याच्या बाकावर, नाहीतर रेल्वेची वाट बघताना दोघी भेटल्या की गोष्ट सुरू होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे कुणी शिकवावं लागत नाही. पण हीच बाई वही घेऊन बसली की पहिलं वाक्य येतं, 'जीवन हा एक संघर्ष आहे.' आणि गोष्ट तिथंच संपते!

मैत्रिणींनो, कथा लिहायला जड शब्द लागत नाहीत. मराठीत अगदी सुरुवातीला कथा लिहिणाऱ्या बायकांपैकी एक म्हणजे काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८). लहान वयात लग्न झालं आणि लिहायला-वाचायला त्या शिकल्या लग्नानंतर. त्यांच्या एका कथासंग्रहाचं नावच आहे 'चांदण्यातील गप्पा'. आपल्या गप्पाही काही कमी नाहीत!

बातमी आणि कथा

नव्यानं लिहिताना बहुतेकींचं एक चुकतं. सगळं आयुष्य एकाच कथेत कोंबायचं. जन्म, लग्न, सासुरवास, मुलांची शिक्षणं, सगळं. कथेला एवढं ओझं पेलत नाही. तिला एक माणूस, एक अडचण आणि एक प्रसंग पुरतो.

समजा, सोयाबीनला भाव मिळाला नाही, म्हणून एकीनं मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी पोत गहाण ठेवली. ही झाली बातमी. आता पुढे बघा. ती खोटी पोत घालून भाचीच्या लग्नाला जाते. आई कौतुकानं पोत हातात घेते आणि म्हणते, "काहून वं, हलकी लागून राह्यली?" इथं कथा सुरू झाली! ती काय उत्तर देईल? खोटं बोलेल? रडेल? आईच्या ते आधीच लक्षात आलं असेल का? वाचणारीला आता पान उलटावंच लागतं.

म्हणून सुरुवात पोत गहाण ठेवण्यापासून नको, लग्नाच्या मांडवातूनच करा. मागचं दोन ओळींत सांगता येतं. आणि शेवटी 'म्हणून परिस्थितीपुढे हार मानू नये' असं लिहू नका. आईनं न बोलता लेकीचा पदर सारखा करून पोत झाकली, एवढं लिहिलं तरी पुरे. वाचणारी शहाणी असते.

आपली बोली

'आपण तर वऱ्हाडी बोलतो, मग लिहायचं कसं?' ही शंका अनेकींना असते. उद्धव शेळके यांच्या 'धग' कादंबरीला (१९६०) मराठीत मानाचं स्थान मिळालं, ते वऱ्हाडी बोलीसकट. प्रतिमा इंगोले यांनी वऱ्हाडीतून कथा लिहिल्या. वर्णन साध्या लेखी भाषेत करा, पण माणसं बोलतात तेव्हा त्यांना त्यांच्याच तोंडानं बोलू द्या. शेतात राबणारी आजी 'मला अत्यंत दुःख झाले' असं कधी म्हणेल का?

घरचे काय म्हणतील?

खरी अडचण इथं आहे. जाऊबाईंनी स्वतःला ओळखलं तर? गावात चर्चा झाली तर? ही भीती जुनी आहे. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला तो 'विभावरी शिरूरकर' या नावानं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातली घुसमट त्यात इतकी उघड होती, की मोठी खळबळ उडाली. ही विभावरी कोण, याची चर्चा रंगली. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' हे आत्मकथन घरच्यांपासून लपवून, आपल्या छोट्या दुकानात बसून लिहिलं. पुस्तक १९८६ मध्ये आलं.

आत्मकथनात खरी नावं येतात. कथेत मात्र मोकळीक असते. दोन बायकांची मिळून एक करा. गाव बदला, नातं बदला, जावेची नणंद करा. प्रसंग बदलला तरी चालेल, त्यातलं दुखणं खरं राहू द्या. मात्र कुणावर सूड उगवायला कथा लिहू नका. जिच्यावर राग आहे तिची बाजूही लिहून बघा, कथा लगेच खोल होते.

आता लिहायचं कसं?

मुलांच्या जुन्या वहीची कोरी पानं चालतील. रोज दुपारी अर्धा तास ठरवा. पहिला खर्डा एकदम उतरवा, खाडाखोड नंतर. मग तो आठवडाभर बाजूला ठेवा आणि पुन्हा मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते, तिथं वाक्य तोडा. आवडलेली एक कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा लेखिकेनं काय सांगितलं नाही, हे शोधण्यासाठी.

कथा पाठवताना स्वतःकडे एक प्रत ठेवा. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका. दिवाळी अंकांसाठीचं साहित्य पावसाळ्यातच मागवलं जातं, तेव्हा दसऱ्याची वाट बघू नका. परत आली तर कथा नापास झाली असं समजू नका. पुन्हा वाचा, दुरुस्त करा, दुसरीकडे पाठवा.

आणि सुरुवात कुठून? काल कुणी तुम्हाला काही विचारलं आणि तुम्ही खरं उत्तर दिलं नाही, असं झालं असेल ना? तो प्रश्न वहीत पहिल्या ओळीवर लिहा. खाली ते खरं उत्तर लिहायला घ्या.