कुपीत उरलेल्या औषधाचा हिशेब

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे दरवाजे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, त्या काळी कर्करोगाशी झुंजण्याचे मुख्य मार्ग शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच होते. शिरेतून द्यावयाची औषधे मागाहून आली, आणि त्यांच्यामागोमाग एका अवघड हिशेबाचा भार रुग्णाच्या कुटुंबावर येऊन पडला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या गावाकडच्या माणसापासून गिरगावच्या चाळीतल्या निवृत्त कारकुनापर्यंत ज्याच्या ज्याच्या हातात केमोची फाईल आली, त्याला पावतीवरची रक्कम दिसते; परंतु त्या रकमेतले किती औषध रोग्याच्या देहात गेले, याचा तपशील मात्र बहुधा दिसत नाही.

या औषधांची मात्रा गोळ्यांसारखी ठरीव नसते. उंचीच्या सेंटिमीटरांना वजनाच्या किलोंनी गुणावे, ३६०० ने भागावे आणि वर्गमूळ काढावे, म्हणजे शरीराचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळते. १५० सेंटिमीटर उंचीच्या आणि ५४ किलो वजनाच्या स्त्रीचे क्षेत्रफळ बरोबर दीड येते. पॅक्लिटॅक्सेल चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम द्यावयाचे ठरल्यास तिला २६२.५ मिलिग्रॅम लागते. बाजारात २६० ची व्हायल मिळते, तेव्हा वरच्या अडीच मिलिग्रॅमसाठी दुसरी व्हायल न फोडता डॉक्टर मात्रा २६० वर आणू शकतात, आणि त्या एका निर्णयाने खर्च उतरतो.

ट्रॅस्टुझुमॅबची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. स्तनाच्या काही कर्करोगांवर दिले जाणारे हे औषध पहिल्या मोठ्या डोसानंतर दर तीन आठवड्यांनी किलोमागे ६ मिलिग्रॅम देतात, म्हणजे याच स्त्रीला ३२४ मिलिग्रॅम. व्हायल मात्र ४४० ची. प्रत्येक वेळी नवी व्हायल फोडून उरलेले ११६ मिलिग्रॅम टाकून दिले, तर चार सायकलींना, म्हणजे चार डोसांना, चार व्हायली लागतात. परंतु व्हायलीबरोबर येणाऱ्या परिरक्षकयुक्त पाण्यात ते विरघळवून शीतकपाटात नीट ठेवल्यास २८ दिवस वापरता येते आणि पुढचा डोस २१ व्या दिवशी असतो; त्यामुळे एकीतले उरलेले पुढच्या डोसाला घेत गेल्यास, कागदावरच्या हिशेबाने चार सायकली तीन व्हायलींत भागतात. साध्या निर्जंतुक पाण्यात विरघळवलेल्या औषधाला ही मुदत लागू नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी योजनेत याच औषधाला जे९३५५ हा संकेतांक असून १० मिलिग्रॅमचे एक एकक धरतात: ३२४ मिलिग्रॅमची ३३ एकके दिलेली म्हणून लिहायची, आणि एकदाच वापरायच्या व्हायलीतले काही वाया गेले तर ते जेडब्ल्यू या खुणेने वेगळ्या ओळीत लिहायचे; १ जुलै २०२३ पासून अशा व्हायलीतले काहीच वाया गेले नसेल, तर तसेही जेझेड या खुणेने नोंदवावे लागते. तिथली व्यवस्था सर्वथा अनुकरणीय आहे असे मी म्हणणार नाही. पण वाया गेलेल्या औषधाला दप्तरात स्वतःची ओळ असावी, ही मागणी मला अत्यंत न्याय्य वाटते. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराला ठरलेले पॅकेज मिळते, त्यामुळे ती ओळ विचारण्याची वेळच येत नाही. खासगी रुग्णालयात ‘नग १’ एवढ्या नोंदीवर सारे मिटते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली, हे फार चांगले झाले. तथापि किंमत उतरली तरी टाकलेल्या औषधाचे पैसे रोग्याच्याच पदरी पडतात.

विमाधारकाला आणखी एक पेच असतो. विमा नियामकाच्या सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत इंजेक्शनने द्यावयाच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीला, म्हणजे इम्युनोथेरपीला, ‘आधुनिक उपचार’ म्हणून वेगळे स्थान मिळाले, आणि कित्येक पॉलिसींत त्या सदराला निराळी कमाल रक्कम असते. ट्रॅस्टुझुमॅब याच वर्गातले. म्हणून दाव्यात ते केमोथेरपी म्हणून गेले की इम्युनोथेरपी म्हणून, यावर मंजुरीचा आकडा बदलू शकतो. पहिल्या डोसापूर्वीच पॉलिसीतले ते कलम वाचून घ्यावे, पूर्वमंजुरीच्या अर्जात औषध कोणत्या सदराखाली लिहिले आहे ते विमा कक्षात विचारावे, आणि प्रत्येक सायकलीच्या पावतीवर दिलेले, राखलेले व टाकलेले मिलिग्रॅम निरनिराळे लिहून मागावेत. असा तपशील मागणे हा रोग्याचा हक्क आहे.