पोटरीतले दुसरे हृदय

आमच्या घोडपदेवच्या जुन्या चाळींत तळमजल्याच्या नळावरचे पाणी हंड्याने वर न्यावे लागे. पाणी खाली सोडायला कष्ट पडत नाहीत. कष्ट ते वर चढविण्याचे. शरीरातही तोच हिशेब आहे. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त रोहिण्यांतून ढकलते. पण केसाहून बारीक वाहिन्यांतून जाताना त्या रेट्याचा जोर बहुतेक खर्ची पडतो. मग पावलापर्यंत उतरलेले रक्त नीलांतून पुन्हा छातीपर्यंत चढते कसे?

पहिले साहाय्य झडपांचे. इटलीतील पादुआ येथील अध्यापक फाब्रिसियस यांनी १६०३ साली नीलांतील झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचेच शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली त्यांचे खरे कार्य दाखविले. सायकलच्या नळीतला व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडीत नाही. तशाच या झडपा रक्ताला हृदयाकडे जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत.

दुसरे साहाय्य पोटरीचे. पाऊल उचलताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या नीला पिळल्या जातात आणि रक्त वर सरकते. श्वास घेताना छातीतला दाब उतरतो, तोही रक्त वर ओढतो. माणूस निश्चल उभा असता घोट्याजवळच्या नीलांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो; चालू लागताच तो ३० च्या आसपास येतो. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते याचसाठी.

आता आमचा मुद्दा. साच्यावरचा कामगार पाळीभर उभा असे, पण निदान येरझारा तरी घाली. १९८२ च्या संपानंतर एकेक करून गिरण्या बंद पडल्या. कित्येकींच्या जागी मॉल आले. तिथला रखवालदार, दुकानातली विक्रेती तासन् तास एकाच जागी उभी. रक्त पायांत साचते, पाय सुजतात, वर्षानुवर्षे हेच चालले की झडपा निकामी होऊन पोटरीवर शिरांच्या गाठी उठू शकतात. आनुवंशिकता आणि बाळंतपण हीही कारणे आहेत. पण उभे राहणे हे टाळता येण्याजोगे कारण आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतील नोकरांसाठी तशी तरतूद केली. तेव्हा कुणी स्टूल मागितले तर त्याला आळशी म्हणू नये. त्याच्या शरीराची ती रास्त मागणी आहे. आणि स्टूल मिळेपर्यंत, उभ्या उभ्या टाचा उचलीत राहावे. पोटरीला तेवढेही काम पुरेसे उपयोगी पडते.