विश्लेषण : बास गिटारचा अ‍ॅम्प ४० किलोंवरून दोन किलोंवर कसा आला? आणि घेताना नेमके काय पाहावे?

कार्यक्रम संपतो. गायकाभोवती सेल्फीसाठी गर्दी होते, गिटारवादक बॅग पाठीला लावून चहाच्या टपरीकडे निघतो, ड्रम भाड्याचे असल्याने ड्रमर रिकाम्या हाताने गप्पा मारत उभा राहतो. सभागृहाच्या मागच्या जिन्यावर मात्र एक जण भलीमोठी काळी पेटी छातीशी धरून, पायरी चाचपडत उतरत असतो. तो बास वाजवणारा. त्याच्या कंबरेचे दुखणे हा वाद्यवृंदातला जुना विनोद आहे. गेल्या दोन दशकांत त्या पेटीचे वजन झपाट्याने उतरले आहे. पण वजन उतरले तशा खरेदीतल्या चुकाही नव्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या काही चांगल्याच महाग पडतात.

पूर्वी एवढे वजन कशाचे होते?

बासची सर्वांत जाड तार, म्हणजे ‘ई’, साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. पाच तारांच्या बासवरची ‘बी’ तर ३१ हर्ट्झपर्यंत खाली जाते. इतका खर्जातला स्वर मोठ्याने ऐकवायचा तर भरपूर हवा हलवावी लागते. स्वर एक सप्तक खाली गेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढे-मागे व्हावे लागते. म्हणून ताकदही जास्त लागते आणि स्पीकरही जास्त.

याचे टोक १९६९ मध्ये गाठले गेले. अ‍ॅम्पेग या अमेरिकी कंपनीने ‘एसव्हीटी’ हा ३०० वॅटचा अ‍ॅम्प आणला. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला आणि मोठ्या मैदानांवर बास ऐकू येऊ लागला. आत १४ व्हॉल्व्ह आणि लोखंडी गाभ्याचे थोराड ट्रान्सफॉर्मर. नुसत्या हेडचे (म्हणजे स्पीकर नसलेल्या अ‍ॅम्पचे) वजन ४० किलोंच्या आसपास. त्याखाली दहा इंची आठ स्पीकरांची पेटी. तिला वादक आजही ‘फ्रीज’ म्हणतात. हल्लीच्या अशा पेट्याही ६० किलोंच्या पुढे जातात. दोन्ही मिळून शंभर किलो. हे लोकलच्या मालडब्यात चढवून दाखवावे, तेही गाडी वीस-पंचवीस सेकंद थांबत असताना!

मग ते वजन गेले कुठे?

तीन ठिकाणांहून ते कमी झाले. पहिले ठिकाण वीजपुरवठ्याचे. घरातली वीज ५० हर्ट्झची असते आणि इतक्या कमी वारंवारतेवर चालणारा ट्रान्सफॉर्मर मोठाच असावा लागतो. स्विचिंग पॉवर सप्लाय हीच वीज आधी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. वारंवारता वाढली की तेवढ्याच ताकदीसाठी मुठीत मावेल असा ट्रान्सफॉर्मर पुरतो. मोबाइलचा चार्जर एवढासा का असतो, याचे उत्तरही हेच.

दुसरे ठिकाण ‘क्लास डी’ रचनेचे. जुन्या रचनेत आत घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन वाया जात असे, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे जाडजूड हीटसिंक लावावे लागत. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतात किंवा पूर्ण बंद. मधल्या अवस्थेत ते तापतात आणि तीच अवस्था इथे टाळलेली असते. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते आणि हीटसिंक जवळजवळ नाहीसा होतो. हलक्या अ‍ॅम्पचे वेड मात्र क्लास डीपेक्षा जुने आहे. कॅलिफोर्नियातले वॉल्टर वूड्स १९७० च्या दशकातच छोटेखानी अ‍ॅम्प हाताने बनवत होते आणि उभा बास वाजवणारे जॅझ वादक ते घेऊन फिरत होते.

तिसरे ठिकाण चुंबकाचे. स्पीकरमागचा फेराइट चुंबक जाड चकतीसारखा असतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधील सुमितोमो आणि अमेरिकेतील जनरल मोटर्स या दोघांनी जवळपास एकाच वेळी निओडायमियमचे चुंबक शोधले. त्यांची ऊर्जा फेराइटच्या सुमारे दहापट. त्यामुळे चिमुकला चुंबकही काम भागवतो. किंमत मात्र चीनच्या हातात असते. चीनने निर्यातीला आवर घातल्यावर २०१०-११ मध्ये या धातूंचे भाव भडकले होते आणि स्पीकर उत्पादकांना त्याची झळ बसली होती.

आज गॅलियन-क्रूगरचा ‘एमबी २००’ हा २०० वॅटचा हेड एक किलोपेक्षाही कमी भरतो. अ‍ॅग्विलारचा ५०० वॅटचा ‘टोन हॅमर ५००’ सुमारे १.८ किलोंचा आहे, म्हणजे बासच्या बॅगेच्या कप्प्यात सहज बसतो.

हलका म्हणजे आवाजालाही हलका?

जुने वादक हे ठासून सांगतात आणि त्यात थोडे तथ्य आहे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प क्षमतेच्या टोकाला गेला की आवाज हळूहळू फाटतो, आणि ते फाटणे कानाला गोड लागते. क्लास डी अ‍ॅम्प टोकाला गेला की आतला लिमिटर आवाज दाबून टाकतो. त्यामुळे ३०० वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प ५०० वॅटच्या छोट्या हेडपेक्षा भारदस्त वाटू शकतो. पण हा फरक अ‍ॅम्प पूर्ण ताणल्यावरचा आहे. ताकद हाताशी राखून वाजवले तर बहुतेकांना, आणि श्रोत्यांना तर नक्कीच, तो कळणार नाही, असे माझे मत आहे.

वॅटच्या आकड्याला भुलण्याचेही कारण नाही. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तो ऐकायला दुप्पट वाटावा, तर १० डेसिबलची वाढ, म्हणजेच दहापट ताकद लागते. स्पीकरची संवेदनशीलता पाहणे त्यापेक्षा फायद्याचे. एका कॅबिनेटची ९७ डेसिबल आणि दुसऱ्याची १०० डेसिबल असेल, तर दुसऱ्यावर २५० वॅट आणि पहिल्यावर ५०० वॅट सारखेच वाजतील. दुकानदार हा आकडा आपणहून सांगत नाही. तो विचारावा लागतो.

ओहमचे गणित का चुकते?

सर्वाधिक पैसे इथेच पाण्यात जातात, म्हणून जरा सावकाश पाहू.

कॅबिनेटच्या मागे ‘८ ओहम’ किंवा ‘४ ओहम’ लिहिलेले असते. हा स्पीकरचा विजेला होणारा अडथळा. अडथळा जितका कमी, तितका अ‍ॅम्पमधून जास्त प्रवाह ओढला जातो. हेडवर ‘५०० वॅट, ४ ओहम’ असे छापलेले असेल, तर ८ ओहमच्या एका पेटीवर तोच हेड साधारण २५० ते ३०० वॅटच देतो. म्हणून ‘५०० वॅटचा घेतला, आवाज येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा अ‍ॅम्पची नसते.

दोन पेट्या जोडल्या की त्या नेहमीच्या पद्धतीने समांतर जोडल्या जातात आणि अडथळा कमी होतो. ८ आणि ८ मिळून ४ ओहम. ४ आणि ४ मिळून २ ओहम. ८ आणि ४ मिळून सुमारे २.७ ओहम. बहुतेक हलक्या हेडची किमान मर्यादा ४ ओहम असते. काही थोडे २.७ किंवा २ पर्यंत उतरतात, पण तसे मागच्या पट्टीवर स्पष्ट छापलेले असेल तरच.

हे मी कंबर आणि अब्रू दोन्ही गमावून शिकलो आहे. उपनगरातल्या एका सभागृहात माझ्या ८ ओहमच्या पेटीला मित्राची ४ ओहमची पेटी जोडली. तालमीत हळू वाजवले, सगळे ठीक होते. कार्यक्रमात मध्यंतरानंतर आवाज वाढवला आणि तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात हेडने संरक्षणासाठी स्वतःला बंद करून घेतले. उरलेले गाणे कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने सांभाळले. हेड वाचला. सगळेच हेड वाचत नाहीत.

त्यामुळे पहिली पेटी घेताना ८ ओहमचीच घ्यावी, हा सल्ला सोन्यासारखा आहे. पुढे तशीच दुसरी घेता येते. ४ ओहमची घेतली तर एकाच पेटीवर हेडची पूर्ण ताकद मिळते खरी, पण दुसऱ्या पेटीचा रस्ता बंद होतो.

‘तशीच दुसरी’ यातला ‘तशीच’ महत्त्वाचा. दहा इंची चार स्पीकरांची पेटी वर आणि पंधरा इंची एकाची खाली, ही जोडी आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, दिसतेही रुबाबदार. पण दोन्ही ८ ओहमच्या असतील तर ताकद निम्मी-निम्मी वाटली जाते. ५०० पैकी २५० वॅट वरच्या चार स्पीकरांत विभागले जातात, प्रत्येकी जेमतेम ६२. खालच्या एकट्या पंधराला मात्र पूर्ण २५० झेलावे लागतात. चौघे आरामात, एकटा घामाघूम. शिवाय दोन वेगळ्या रचनेचे स्पीकर काही स्वरांना एकमेकांचा आवाज खोडतात. सारख्या दोन पेट्या जोडल्या तर आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढतो. हेड बदलून एवढी वाढ मिळवायची तर चौपट वॅट लागले असते.

उदाहरणच घ्यायचे, तर वरचा टोन हॅमर ५०० आणि अ‍ॅग्विलारच्याच ‘एसएल ११२’ या बारा इंची, ८ ओहमच्या दोन पेट्या. प्रत्येक पेटी २५० वॅट झेलणारी आणि सुमारे ११.३ किलोंची. मिळून २५ किलोंच्या आत आणि छोट्या कार्यक्रमाला एकच पेटी नेली तर १३. हीच कंपनी घ्या असे नाही, हे प्रमाण मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दहा, बारा की पंधरा इंच?

पंधरा इंची म्हणजे खर्ज जास्त, हा समज पक्का असला तरी खरा नाही. स्पीकरचा पडदा किती लांब सरकतो आणि पेटीची रचना कशी आहे, यावर खर्ज ठरतो. केएलएच या ध्वनिसाहित्य कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे हॉफमन. त्यांचा नियम असा : छोटी पेटी, खोल खर्ज आणि मोठा आवाज, यांतल्या दोनच गोष्टी निवडता येतात. छोटी, हलकी आणि ‘जमीन हादरवणारी’ पेटी कुणी विकत असेल, तर तिसऱ्या गोष्टीत काहीतरी लपवलेले आहे.

पेटीवर लिहिलेले वॅट ही मुख्यतः उष्णता सोसण्याची मर्यादा असते. खर्जाच्या स्वरांत पडदा त्याआधीच टोकाला जाऊन ठोके देऊ लागतो. ‘पट-पट’ असा आवाज आला की लगेच हात आवरावा. हेडवर ३०-४० हर्ट्झच्या खालचे कापणारा फिल्टर असेल तर तो चालू ठेवावा. ऐकणाऱ्याचा कान ‘ई’ तारेचा स्वर बराचसा ८२ आणि १२३ हर्ट्झच्या उपस्वरांवरूनच ओळखतो, त्यामुळे फारसे काही बिघडत नाही.

दोन पेट्या आडव्या न ठेवता एकीवर एक ठेवाव्यात. आवाज बाजूला चांगला पसरतो आणि वरची पेटी कानाजवळ येते. जमिनीवरची एकटी पेटी गुडघ्यांना वाजवून दाखवते. वादकाला ऐकू येत नाही म्हणून तो आवाज वाढवतो आणि पहिल्या रांगेतले काका उठून जातात.

आपल्याकडे आणखी काय पाहावे?

ऑर्केस्ट्रा असो, गोव्यातला तियात्र असो की कॉलेजचा महोत्सव, श्रोत्यांपर्यंत बास पोहोचतो तो सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतून. हेडमागच्या डीआय सॉकेटमधून साऊंडवाल्याला तार दिली की मंचावरचा अ‍ॅम्प फक्त वादकाला आणि ड्रमरला ऐकू येण्यापुरता उरतो. अशा वेळी बारा इंची एक पेटी पुष्कळ झाली. कानातल्या मॉनिटरवर वाजवणारे तर पेटी नेतच नाहीत. गावातल्या छोट्या मंचावर, जिथे ध्वनियंत्रणेत फक्त गायकाचा माइक असतो, तिथे मात्र दोन पेट्यांचा हिशेब धरावा.

दोन किलोंचा हेड अमेरिकेतल्या भाच्याने येताना हातातल्या बॅगेत आणणे सोपे असते. पण तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. काही हेड १०० ते २४० व्होल्ट स्वतःहून सांभाळतात, काहींना मागे बटण असते, काहींना यांतले काहीच नसते. त्यांना इथल्या सॉकेटचा पहिला स्पर्श शेवटचा ठरू शकतो. भाच्याला पैसे पाठवण्याआधी त्या पट्टीचा फोटो मागवावा. मांडवात जनरेटर असेल तर चांगला स्टॅबिलायझर सोबत हवाच. पेटी मात्र इथेच घ्यावी. विमानाचे भाडे तिची बचत खाऊन टाकते.

दुरुस्तीचे दुखणे खरे आहे. ट्रान्सफॉर्मरचा जुना अ‍ॅम्प लॅमिंग्टन रोडवरचा हुशार कारागीर उघडून चालू करून देत असे. नव्या हेडमधले सुटे भाग तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि बहुतेकदा पूर्ण मॉड्यूलच बदलावे लागते. म्हणून भारतात सेवा देणारा विक्रेता असलेली कंपनी दोन-चार हजारांनी महाग असली तरी परवडते.

शेवटची गोष्ट तारेची. हेड आणि पेटी जोडायला गिटारची तार वापरू नये. ती बारीक असते, तापते. स्पीकरचीच जाड तार, शक्यतो स्पीकॉन जोडणीची, घ्यावी. आणि दुकानात वाजवून पाहायला जाताना स्वतःचा बास न्यावा, पेटी स्वतः उचलून दुकानाच्या दारापर्यंत आणि परत चालून पाहावी. दुकानात पायऱ्या असतील तर आणखी उत्तम.