किरणोत्सर्गी कचऱ्याची राखण

इ. स. १९३९ च्या मार्च महिन्यात जबलपूरजवळ त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याच्या स्मरणार्थ उभारलेले कमानिया गेट आजही शहराच्या भरवस्तीत उभे आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत लिझे माइट्नर व ऑटो फ्रिश यांनी युरेनियमच्या अणुकेंद्राचे विभाजन कसे होते याचा उलगडा प्रसिद्ध केला होता. समजा, त्या साली कोणी या कमानीच्या पायात सीझियम-१३७ हे द्रव्य पुरले असते, तर ९० वर्षांनी, म्हणजे इ. स. २०२९ मध्ये, त्याचा आठवा हिस्सा अद्याप शिल्लक राहिला असता. या द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे. दर ३० वर्षांनी ते निम्मे होते. हजारावा हिस्सा उरण्यास ३०० वर्षे लागतात.

किरणोत्सर्ग नाहीसा करण्याचा व्यवहार्य उपाय या कचऱ्यापुरता तरी नाही. कचरा जाळला तर त्याचे आकारमान घटते, पण किरणोत्सर्ग राखेत जसाच्या तसा उरतो. म्हणून या कचऱ्याची व्यवस्था म्हणजे मुख्यतः राखण होय.

ट्रॉम्बे येथे इ. स. १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. तारापूरचे वीजकेंद्र इ. स. १९६९ पासून वीज देऊ लागले. अशा ठिकाणी वापरलेले हातमोजे, पुसण्याची फडकी, कागद, हवा गाळण्याची साधने हा सर्व अल्प किरणोत्सर्गी कचरा होय. रुग्णालयांतूनही तो निघतो. त्यांपैकी आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य अवघे ८ दिवसांचे असल्याने रुग्णांचे मलमूत्र टाक्यांत काही आठवडे साठवून ठेवले की बहुतेक काम भागते. (जळलेले इंधन शुद्ध करताना उरणारा तीव्र किरणोत्सर्गी द्रव हा निराळाच विषय, तो काचेत गोठवून ठेवतात.)

द्रव कचऱ्यात रसायने घालून सीझियम व स्ट्राँशियम यांचा साका खाली बसवितात. हा गाळ सिमेंटमध्ये कालवून पिंपांत घट्ट करतात. घन कचरा दाबून वा जाळून लहान केला जातो. मग किरणोत्सर्गाच्या मानाने त्याची जागा ठरते: अगदी सौम्य कचरा दगडी बांधणीच्या चरांत, त्याहून अधिक असेल तो सळयांच्या काँक्रीटच्या खंदकांत आणि त्याहूनही प्रखर असेल तो सुमारे ४ मीटर खोल, पोलादी अस्तराच्या अरुंद विवरांत. या जागा अणुकेंद्रांच्या आवारातच असतात. खरा शत्रू पाणी होय. पावसाचे पाणी आत शिरले तर तेच द्रव्यांना जमिनीत वाहून नेईल. म्हणून वर जलाभेद्य आच्छादन घालतात आणि सभोवती विंधणविहिरी खोदून त्यांतील पाणी नियमाने तपासतात.

भिंती टिकतील, परंतु नोंदी टिकतील काय, हा प्रश्न अधिक कठीण आहे. तीनशे वर्षांत राजवटी बदलतात, कागद गहाळ होतात. खरे पाहता एवढा काळही लागत नाही. इ. स. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने बराच काळ वापरात नसलेले एक गॅमा-किरण यंत्र भंगारात विकले. त्यात कोबाल्ट-६० होते. हा अल्प किरणोत्सर्गी कचरा नव्हे, त्याहून कितीतरी प्रखर द्रव्य; पण ते हातून निसटले ते विस्मरणामुळेच. वस्तुतः किरणोत्सर्गी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम देशात इ. स. १९८७ पासूनच लागू होते. मायापुरीच्या भंगार बाजारात यंत्र फोडले गेले, अनेक जण आजारी पडले आणि एक कामगार दगावला. किरणमापके घेऊन आलेल्या तज्ज्ञांनी दुकानांतून कोबाल्टचे तुकडे शोधून काढले, जाड आवरणाच्या पात्रांत घातले व नरोरा येथील अणुवीज केंद्रात नेऊन ठेवले.