फ्लॉपीच्या कोपऱ्यातील दुसरे छिद्र

जुन्या कपाटात, छापखान्याच्या खणात किंवा संस्थेच्या दप्तरात अजूनही साडेतीन इंची फ्लॉपी सापडतात. त्यांतील काहींच्या एका कोपऱ्यात हाताने पाडलेले ओबडधोबड छिद्र दिसते. ७२० केबीच्या स्वस्त फ्लॉपीवर १.४४ एमबी माहिती बसविण्याची ती युक्ती होती. अशा फ्लॉपीतील माहिती आज सर्वाधिक धोक्यात आहे.

दोन्ही प्रकारच्या फ्लॉपींत प्रत्येक बाजूला ८० वर्तुळाकार मार्ग असतात. कमी क्षमतेच्या फ्लॉपीत प्रत्येक मार्गाचे ९ सेक्टर पडतात, अधिक क्षमतेच्या फ्लॉपीत १८. प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. लेखनबंदीच्या खिडकीसमोरच्या कोपऱ्यात छिद्र आढळले, की बहुतेक ड्राइव्ह ती फ्लॉपी अधिक क्षमतेची मानतात. त्यामुळे छिद्र पाडताच ड्राइव्ह फसत असे आणि फॉरमॅटही बिनतक्रार पार पडे.

छिद्राने आतला चुंबकीय थर मात्र बदलत नाही. अधिक क्षमतेच्या फ्लॉपीचा थर पातळ असतो आणि त्याचे चुंबकत्व सहजी पालटत नाही. त्यामुळेच तेवढ्याच जागेत दुप्पट खुणा शेजारी शेजारी टिकतात. ७२० केबीच्या थरावर त्या दाटीने बसविल्या, तर कालांतराने एकमेकींना क्षीण करतात. सव्वापाच इंची फ्लॉपीत दोन थरांच्या चुंबकीय रोधात सुमारे दुपटीचा फरक असल्याने ही लबाडी लवकर उघड होई. साडेतीन इंचीत तो फरक थोडा. त्यामुळे आज लिहिलेले उद्या वाचता येई आणि युक्ती साधल्यासारखी वाटे. फॉरमॅट करताना होणारी तपासणीही त्या क्षणापुरतीच असते.

सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबविली. तरीही उमरगा तालुक्यातील मुरूममध्ये असो वा मुंबईत, अशी फ्लॉपी हाती आली तर ती टाकून देऊ नये. प्रथम लेखनबंदीची खिडकी उघडी करावी. पाडलेले छिद्र बुजवू नये. ते बुजविल्यास ड्राइव्ह ती ७२० केबीची समजून वाचू पाहतो आणि ‘फॉरमॅट करायची का?’ असे संगणक विचारतो. तेथे ‘नाही’ हेच उत्तर द्यावे. ‘होय’ म्हटल्यास उरलेसुरलेही जाईल. तबकडीवर बुरशी दिसल्यास ती ड्राइव्हमध्ये घालू नये, जाणकाराकडे द्यावी. अन्यथा यूएसबीवर चालणाऱ्या ड्राइव्हने आधी संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा-फाइल करून घ्यावी आणि पुढचे काम त्या प्रतीवर करावे. प्रत्येक वाचन हे कदाचित शेवटचे ठरू शकते.

मराठी मजकुरास आणखी एक पायरी लागते. श्री-लिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या जुन्या आवृत्त्यांत टंकांची सांकेतिक रचना निरनिराळी होती. ती फाइल उघडल्यावर अर्थहीन रोमन अक्षरे दिसली, तरी मजकूर नष्ट झाला असे समजू नये. मूळ टंक ओळखून युनिकोडमध्ये रूपांतर केल्यास तो पुन्हा वाचता येतो.